बोर्डाने नोंद घेतली

४ ऑगस्ट, सोमवार

लागले कामाला. ठाण्यात, तीन हात नाक्याजवळ. एसी इतका की दिवसभर ओढणी गुंडाळून बसले.

काम काय – बोर्डाला मदत. संस्था परदेशी. पाणी, शाळा, किनारे असल्या कामांना वेगवेगळ्या देशांत मदत देते. कुठल्या कामाला द्यायची, कुठलं बंद करायचं, ते बोर्ड ठरवतं. बोर्डातली माणसं जगभर पसरलेली. त्यांना कागद वेळेत पोचवायचे, मीटिंगची वेळ जुळवायची, कोण काय बोललं ते लिहून काढायचं. इंटर्नशिप सहा महिन्यांची. पुढचं पुढे.

संचिता मॅडम माझ्या वरच्या. बारीक आवाजात बोलतात, समोरचा आपोआप पुढे वाकतो. म्हणाल्या, "आपण दिसायचं नाही. काम नीट झालं की आपण दिसतच नाही."

बरं वाटलं. मला तेच हवंय.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "पंखा हाय ना तिथं?"


६ ऑगस्ट

दुसरा इंटर्न ऋतुराज, नौपाड्याचा. आधी बोलतो, मग विचार करतो. पण वाईट नाही. डबा पुढे करतो. आज काय दिलं त्यानं? आठवत नाही. खाल्लं.

मॅडमनी जुन्या मीटिंगांच्या मिनिट्स वाचायला दिल्या. ढीगभर. बोर्ड काय करतं तर – मंजूर करतं, पुढे ढकलतं, नाहीतर नोंद घेतं. पूर आला, नोंद घेतली. कुठल्यातरी देशात क्लिनिक जळलं, नोंद घेतली. कुणी राजीनामा दिला, आभार मानून नोंद घेतली.

ऋतुराज म्हणाला, "काय बोअर आहे यार!" मला नाही वाटलं. मी दुपारभर वाचत बसले. त्या भाषेत कुणीच रडत नाही.


८ ऑगस्ट, शुक्रवार

नारळी पौर्णिमा. सुट्टी घेतली नाही. संध्याकाळी घरी आले तर गावात बँड वाजत होता, खाडीवर नारळ सोडायला सगळे निघालेले. आमच्या घराचा दरवाजा लोटलेला. बाबा आत टीव्हीसमोर. टीव्ही बंद.

लिहून ठेवते एकदाच, म्हणजे परत परत लिहायला नको.

गेल्या नोव्हेंबरात दादा होडी घेऊन खाडीत गेला. एकटाच. बाबांना ताप होता. होडी मिळाली कोपरच्या बाजूला खाजणात, चिखलात रुतलेली. जाळं अर्धं पाण्यात. दादा नाही. पोलीस आले, बोटी फिरल्या, गावातल्या पोरांनी खारफुटीत शिरून बघितलं. नाहीच मिळाला. अजून नाही.

त्यामुळे आमच्याकडे काहीच झालेलं नाही. दहावं नाही, तेरावं नाही, फोटोला हार नाही. आई म्हणते, येणार माझा दर्शन. घरात 'गेला' हा शब्द बोलायचा नाही. दूधवालासुद्धा आमच्याकडे 'निघाला'.

हेमाली वहिनीच्या गळ्यात मंगळसूत्र आहे. आई दर सणाला तिला नवीन हिरव्या बांगड्या आणते. वहिनी हात पुढे करते. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं.

मला काय वाटतं? काही नाही. खरंच काही नाही. दात काढायच्या आधी सुई देतात ना, तसा गाल होतो. आपलाच, पण दुसऱ्याचा.


२१ ऑगस्ट

पहिली ऑनलाइन मीटिंग. एक मेंबर फिनलंडचे, एक लिमाच्या, एक ढाक्याचे. अध्यक्षबाई केनियाच्या, डॉ. वंजिकू. केस अगदी बारीक कापलेले, पांढरे. कुणी लांबण लावली की पेन आडवं ठेवतात. तेवढ्यानं माणूस गप्प होतो!

क्वोरम म्हणजे काय ते आज कळलं. इतकी माणसं हजर असतील तरच बोर्ड हे बोर्ड. एक जरी कमी, तर नुसत्या गप्पा. काहीच ठरवता येत नाही.

घरी आम्ही चौघं जेवलो.


३ सप्टेंबर, बुधवार

नोव्हेंबरची मीटिंग इथेच होणार, ठाण्यात! सगळे मेंबर प्रत्यक्ष येणार. आणि मीटिंगच्या आदल्या दिवशी खाडीतून फेरी – खाडीकाठच्या कोळीवाड्यांसाठी जो नवीन कार्यक्रम आहे तो मंजुरीला येतोय ना. मासळी उतरवायला धक्के, बर्फ ठेवायला सोय, खारफुटीची राखण. गावांची नावं आली. तिसरं नाव आमचं.

मॅडमकडे गेले. म्हटलं, हे माझं गाव आहे.

"अय्या, हो? छानच की!"

"नाही म्हणजे – मेंबरांचा कशात संबंध असला तर ते आधी जाहीर करतात ना. मी पण करायला हवं का?"

त्या हसल्या. "तुझं मत थोडंच आहे, प्राप्ती? इंटर्नचा कसला आलाय हितसंबंध!"

बरोबर आहे. जागेवर येऊन बसले.


१५ सप्टेंबर

व्हिसा, हॉटेल, कोण काय खात नाही. फिनलंडचे शिंपले खात नाहीत. अख्खा दिवस गेला.

(गेला. इथे चालतं.)


२६ सप्टेंबर, शुक्रवार

मेंबरांच्या नावांच्या पाट्या टेंभी नाक्याजवळच्या एकाकडे छापायला दिल्यात. नमुना बघायला गेले. नवरात्र! पाय ठेवायला जागा नाही. पाळणे, फुगे, देवीची रांग पार वळणापलीकडे.

तिथे हेमाली वहिनी दिसली.

मानपाड्याला एमआयडीसीत पॅकिंगला जाते ती. शुक्रवारी उशीर होतो म्हणाली होती. चाटच्या गाडीजवळ उभी होती. शेजारी एक माणूस. जाडसर, चष्मा, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच. वहिनी पाणीपुरी खात होती आणि पाणी हनुवटीवरून ओघळलं, तर तो खिशात रुमाल शोधायला लागला. सगळे खिसे उलटे केले. सापडेच ना! आणि वहिनी हसत सुटली. तोंडावर हात नाही, काही नाही.

दादासोबत हसायची तशी नव्हे. वेगळी.

मी बघितलं. तिनं मला बघितलं. मी वळून पाट्यांच्या दुकानात गेले. वंजिकूंच्या नावात एक अक्षर चुकलेलं, ते दुरुस्त करून घेतलं.


२७ सप्टेंबर, शनिवार

वहिनी गच्चीवर आली, मी कपडे काढत होते तेव्हा. बादली खाली ठेवली आणि नुसती उभी.

"सुदेश नाव हाय. सुपरवायझर. विठ्ठलवाडीचा." मग म्हणाली, "तसला काय नाय अजून."

मी चिमटे गोळा करत होते.

"आईना सांगशील?"

"नाही."

"तुला राग नाय आला?"

"मला काहीच येत नाही गं."

ती बघत राहिली माझ्याकडे. मग म्हणाली, "मनापन नवता येत. आता जरा जरा येतंय. राग सुदिक येतो. तुज्या भावाचा येतो. एकटा कशाला गेला –" आणि तोंड दाबलं. शब्द निघाला ना तोंडातून! खाली आई होती.

आम्ही दोघींनी मिळून चादरीची घडी केली. कोपऱ्याला कोपरा.


१२ ऑक्टोबर, रविवार

देवळात मंडळाची सभा. गावात पाहुणे येणार म्हणून. आमच्या मंडळाचे प्रमुख, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, बोलायला उभे राहिले की अर्धा तास गेला समजा. मला पुढे बसवलं – "आपली प्राप्ती तिकडं हाय, म्हंजे काम झालाच समजा!"

मी म्हटलं, माझ्या हातात काही नाही. कुणी ऐकलं नाही.

मुद्दा होड्यांचा. ठाण्याहून लाँच येणार, पण सुकतीला, पाणी उतरलं की, आमच्याकडे गाळात अडकेल. तेव्हा शेवटचा टप्पा गावच्या होड्यांतून. तीन हव्यात. दोन मिळाल्या. तिसरी कुणाची? सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

मागून आवाज आला, "माझी काढा."

बाबा. ते सभेला आलेत हेच मला माहीत नव्हतं. नोव्हेंबरपासून ते होडीत चढलेले नाहीत. होडी उलटी घालून ठेवलीय, तिच्याकडे पाठ करून बसतात.

भाऊ म्हणाले, "मोरूशेट, तू राहू दे –"

"बाहेरची मानसा आल्यान तं होडी नको? काढा बोल्लो ना."


१३ ऑक्टोबर

बाबा होडीला तेल लावतायत. आईनं खिडकी बंद केली.


२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. कंदील लावला नाही. वहिनीला बांगड्या.


७ नोव्हेंबर, शुक्रवार

दुभाषी ठरलेत, पुण्याचे एक गृहस्थ. फार शुद्ध. त्यांनी मला नियम सांगितले, मी त्यांच्याबरोबर मदतीला असणार आहे म्हणून. आपल्याकडचं काही घालायचं नाही. काही गाळायचं नाही. आणि समोरचा 'मी' म्हणाला तर आपणही 'मी'च म्हणायचं. "ते म्हणतात की" – असं नाही. "त्या क्षणी तुम्ही नसता," म्हणाले.

सोपं आहे. मी तशीही नसते.


१० नोव्हेंबर, सोमवार

आले सगळे. अध्यक्षबाई प्रत्यक्षात खूप उंच. माझ्या हातातून स्वतःची पाटी घेतली, नाव वाचलं, म्हणाल्या, पहिल्यांदाच कुणीतरी बरोबर लिहिलंय. मॅडम खूष.


११ नोव्हेंबर, मंगळवार

क्रमानं लिहिते.

लाँच ठरल्या जागी थांबली. पुढे पाणी नव्हतं. आमच्या तीन होड्या आलेल्या. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. बाबांच्या होडीत अध्यक्षबाई, फिनलंडचे मेंबर, पुण्याचे दुभाषी, ऋतुराज आणि मी. पुढच्या टोकाला बांबू घेऊन आमच्या शेजारचा जयेश.

मी बाबांकडे बघितलं नाही. त्यांनीही नाही. न ठरवताच ठरलं तसं.

बाबांनी वल्हं मारलं. माणूस चालायचं विसरत नाही तसंच असतं ते बहुतेक. होडी सरळ निघाली. खारफुटीत बगळे. चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या, फिनलंडचे फोटो काढत होते. बाईंनी विचारलं, हा कुठला मासा. बाबा सांगायला लागले – कंचा मासा कवा मिलतो, पाणी कसा काला झाला, आता जाल्यान निस्ता कचरा येतो. पुण्याचे गृहस्थ दोनदा "काय? काय म्हणालात?" म्हणाले. तिसऱ्यांदा ऋतुराजकडे बघितलं. त्यालाही कळेना. मग ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुम्हाला कळतंय ना? तुम्हीच करा."

मी पुढे सरकले. बाई आणि बाबा यांच्या मधे बसले.

चाललं नीट. बाबा बोलायचे, मी बोलायची. माझा आवाज कसा सपाट येत होता, दुसऱ्याच कुणाचा. मी इंग्रजीत म्हणत होते – मी लहानपणापासून या खाडीत आहे. माझा बाप पण इथेच होता. मी जिताडा हातानं धरलेला आहे.

बाईंनी विचारलं, या होडीवर किती जण काम करता?

"दोगं. मी न् माजा पोऱ्या."

दोघं. मी आणि माझा मुलगा. सांगितलं.

मुलगा आज आला नाही?

मी तो प्रश्न मराठीत केला. करायचाच होता. गाळायचं नाही.

बाबांनी वल्हं वर धरलं. पाणी ठिबकत होतं. जयेशनं पुढे बांबू रोवला आणि होडी थांबली.

"माजा पोऱ्या याच पान्यान गेला. साल झाला."

बाबा म्हणाले 'गेला'. वर्षभरात पहिल्यांदा.

आणि मला इंग्रजी सुचेना. म्हणजे दोन शब्द सुचले. 'वेंट' म्हटलं असतं तर दादा कुठेतरी गेला असता. गुजरातेत, रत्नागिरीला, कुठल्यातरी मोठ्या बोटीवर. मराठीत 'गेला' म्हटलं की दोन्ही असतं, दार थोडं उघडं राहतं. इंग्रजीत राहत नाही. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी म्हणाले, 'माय सन डाइड'. याच पाण्यात. वर्ष झालं.

फिनलंडच्यांनी कॅमेरा खाली ठेवला. मग बाईंनी विचारलं, घरी आणखी कोण असतं?

"मालकीन हाय. सून हाय." मग बाबांनी हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. "न् ही माजी पोरगी."

मी इंग्रजीत म्हणाले – 'आणि ही माझी मुलगी.'

सगळे मागे वळून बघायला लागले. दुसऱ्या होडीकडे, काठाकडे. मुलगी कुठाय! ऋतुराजसुद्धा. मी तशीच बसलेली. पुण्याच्या गृहस्थांना मराठी तेवढं तर कळलंच होतं. त्यांनी मान खाली घातली.

बाईंनी सगळ्यात शेवटी माझ्याकडे बघितलं.

"तू?"

"हो."

"म्हणजे तो तुझा भाऊ."

आणि मी काय करावं! मी बाबांकडे वळले आणि त्या वाक्याचं मराठी केलं. सवयीनं. "मंग तो तुझा भाऊ, असं विचारतायत."

बाबा म्हणाले, "हो. सांग तिला. हो."

मी सांगितलं. हो.

जयेशनं बांबू उपटला. काठाला हार, ढोल, कोळणी नवीन लुगडी नेसून उभ्या. भाऊंचं भाषण. त्याचं भाषांतर पुण्याच्या गृहस्थांनी केलं.


१२ नोव्हेंबर, बुधवार

मीटिंग. हॉटेलचा हॉल. पाट्या, पाणी, पेनं – सगळं जागच्या जागी.

सुरुवातीला अध्यक्षबाई नेहमी विचारतात, कुणाचा कशात हितसंबंध आहे का. मॅडम उठून त्यांच्या कानाशी गेल्या. बाईंनी मान हलवली. सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या – रागावून नाही – की खाडीकाठाचा विषय येईल तेव्हा तू बाहेर बसावंस. तुझ्यासाठी नाही, निर्णयासाठी.

बसले. हॉलबाहेर मोठ्या कुंडीशेजारी. शेजारच्या हॉलमधे कुणाचा तरी साखरपुडा होता, सनई लावलेली.

मॅडम मधेच बाहेर आल्या. "प्राप्ती, तू मला सांगायला हवं होतंस."

"मी सांगितलेलं. सप्टेंबरमधे."

"गाव सांगितलंस." त्यांचा आवाज आणखी बारीक झाला. "भाऊ नाही सांगितलास."

खरं आहे. विचारलं असतं तरी सांगितलं नसतं. काय सांगणार होते? आमच्याकडे काही झालेलंच नव्हतं.

त्या माझ्याशेजारी बसल्या. थोड्या वेळानं उठून आत गेल्या. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला असं वाटतं. नक्की सांगता येणार नाही.

मिनिट्स ऋतुराजनं घेतल्या. निर्णय – बाकीची गावं मंजूर. आमचं पुढे ढकललं. पुन्हा स्वतंत्र पाहणी, मग पुढच्या मीटिंगमधे. काय तर, बोर्डाच्या माणसाचं घर तिथे आहे, उद्या कुणी बोट दाखवायला नको.

म्हणजे मी आहे! बोर्डाच्या दृष्टीनं मी आहे, एवढी आहे की गाव अडलं.

घरी बाबांनी विचारलं, "काय झाला?"

"पत्र येईपर्यंत सांगता येत नाही."

"बरा."


१३ नोव्हेंबर, गुरुवार

आईला कळलं. गावात सगळ्यांना कळलंय, होडीत काय झालं ते. बाजारातून आली, मासळीची पाटी खाली ठेवली, पदर सोडला नाही. थेट माझ्यासमोर.

"काय बोल्लीस त्या बाईला?"

"बाबा जे बोलले ते."

"तुजा बाबा काय बोल्ला ते मना ठाव हाय. तू काय बोल्लीस? इंग्लिशमदी?"

मी सांगितलं. डाइड.

हा शब्द आईला येतो. आजी वारली तेव्हा हॉस्पिटलात तोच ऐकलेला.

"त्यानी गेला बोल्ला," आई म्हणाली. "मेला तू बोल्लीस."

वहिनी मोरीत भांडी घासत होती. नळ बंद केला तिनं.

"आई, इंग्रजीत दुसरा शब्द –"

"एवढी शिकवली तुला. एक शब्द नाय सापडला?"

ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पाटी उचलून मागच्या दारी गेली.

तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते. बोलत नाही.


१५ नोव्हेंबर

पत्र आलं गावात. भाऊ दारात येऊन बाबांना म्हणाले, "तुज्या पोरीमुले आपला नाव मागं पडला!" बाबा म्हणाले, "मागं पडला, काडला नाय. चाय घेशील?" भाऊंनी घेतला चहा.


१७ नोव्हेंबर, सोमवार

मिनिट्स पक्क्या करायच्या होत्या. मीटिंगच्या मी करायच्या नाहीत, पण खाडीच्या फेरीचं टिपण माझ्याकडे होतं. मॅडमनी एक ओळ घालून दिलेली – 'सदस्यांनी स्थानिक समाजातील एका व्यक्तीचे हृदयस्पर्शी अनुभवकथन ऐकले. बोर्डाने नोंद घेतली.'

मी ती खूप वेळ बघितली. व्याकरण बरोबर होतं.

मग मॅडमच्या टेबलाशी गेले. म्हटलं, हे असं नको.

"का? तुझंच संरक्षण आहे त्यात. नाव नाही, काही नाही."

"नाव नको. पण काय ऐकलं ते लिहू या. एका मच्छीमाराने सांगितले की त्याचा मुलगा या खाडीत बुडून मरण पावला."

त्यांनी चष्मा काढला. "बोर्डाच्या कागदात असं लिहीत नाहीत, प्राप्ती."

"क्लिनिक जळलं ते लिहिलंय."

आवाज मोठा निघाला असावा. ऋतुराजनं वर बघितलं. माझा आवाज मलाच ओळखू आला, म्हणून दचकले.

मॅडमनी चष्मा परत लावला. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "लिही."

लिहिलं. दोनदा चुकलं. पोलिसांकडे दादा 'बेपत्ता' आहे. रेशनकार्डावर तो आहे. घरात तर तो येणारच आहे. त्या परक्या संस्थेच्या टिपणात तेवढा तो मेला.

जिन्यात जाऊन उभी राहिले. रडायला येईल असं वाटलं. नाही आलं. पोट दुखत होतं मात्र. खूप. किती दिवसांनी काहीतरी दुखलं.


१९ नोव्हेंबर

वर्ष झालं. बाबा सकाळी एकटेच होडी घेऊन गेले. आई दारात उभी राहिली, ते परत येईपर्यंत. आले तेव्हा डोकं भादरलेलं, कपडे ओले. आईनं बघितलं. टॉवेल दिला.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वहिनीला हाक मारून आईनं शेजारी बसवलं आणि तिच्या केसांना तेल लावलं. कितीतरी वेळ. वहिनी खाली बघत होती. मी दुसऱ्या खोलीत. माझ्याशी अजून बोलणं नाहीच.


२५ नोव्हेंबर, मंगळवार

आई बोलली.

मी ऑफिसला निघत होते. ती कोळंबी सोलत होती, माझ्याकडे पाठ.

"त्या सुदेशला रविवारी घरा बोलव. त्याच्या आयशीला घेऊन ये म्हनावं. मना बोलाचा हाय."

मी म्हटलं, "कोण सुदेश?"

"नाटका नको करू. सगला ठाव हाय मना." कोळंबी सोलणं थांबलं नाही. "हेमालीला मीच सांगन. लपून नाय जायाची ती कुटं. आपल्या दारातशी जाईल. लेक म्हनून."

मी हो म्हटलं. आवाजच फुटला नाही. परत म्हटलं.